गळाला लागलेले प्रश्न: पानशेतचा डबा हरिहरेश्वरला कशाला?

पाऊस ओसरून धरणे भरली की या सदराकडे येणारी पत्रे एकच विचारतात: कुठे काय लागते? या खेपेला मात्र बरीच पत्रे माशांबद्दल नाहीत, सामानाच्या पसाऱ्याबद्दल आहेत. म्हणून हे अख्खे सदर त्यालाच दिले आहे.

प्रश्न: माझ्याकडे तीन मजली टॅकल बॉक्स आहे. सामानासकट सात किलो भरतो. पानशेत असो, मुळशी असो की कोकण, तोच उचलून न्यावा लागतो आणि तरी ऐन वेळी हवी ती वस्तू सापडत नाही. सगळे गळ एका खणात, सगळे शिसे दुसऱ्या खणात, फ्लोट तिसऱ्यात, अशी शिस्तीत मांडणी केली आहे. मग चुकते कुठे? (कोथरूड)

उत्तर: त्या शिस्तीतच चुकते. प्रकारानुसार मांडणी दुकानाला शोभते, कारण दुकानदाराला एका वेळी एकच वस्तू काढून द्यायची असते. काठावर तुम्हाला सुटी वस्तू नको असते, पूर्ण जुळणी हवी असते: फ्लोट, त्याला पेलणारे शिशाचे मणी, स्टॉपर (फ्लोटला दोरीवर सरकू न देणारा अडकाव) आणि बांधून ठेवलेला आठ नंबरचा गळ. तुमच्या बॉक्समध्ये या चार वस्तूंसाठी चार खण उघडावे लागतात. वारा सुटलेला, हाताला कणीक लागलेली, आणि तेवढ्यात काठी वाकते.

यावर तोडगा म्हणजे सामानाचे दोन भाग करायचे. एक घरातला साठा. तो तुमच्या सवयीप्रमाणे प्रकारवार ठेवा, पण तो घराबाहेर पडणार नाही. दुसरा भाग सहलीच्या डब्यांचा, आणि हे डबे माशावरून किंवा वस्तूवरून न भरता पाण्यावरून भरायचे. पुण्यातून जाणाऱ्या बहुतेकांना तीन पुरतात.

पहिला बैठकीचा. खडकवासला, पानशेत, वरसगाव, भाटघर अशा ठिकाणी एका जागी बसून रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस, चिलापी यांच्यासाठी. २८ × १८ × ४.५ सेंमीचा एक खणांचा डबा (दुकानदार याला ३६०० नंबरचा म्हणतात) यासाठी भरपूर झाला. त्यात फ्लोट चार, पैकी दोन हलके आणि दोन वाऱ्याच्या दिवसासाठी जड, फीडर (आमिष भरून सोडायचे वजनदार पिंजरे) २० ग्रॅमचे तीन आणि ३० ग्रॅमचे तीन, दाबून बसवायचे शिशाचे मणी एक डबी, स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणाऱ्या फिरत्या कड्या) पंधरा, ४ ते ६ मिमीचे रबरी मणी वीस, स्टॉपर, आणि काठीच्या टोकाची घंटी. गळ सुटे नेऊ नका, बांधलेले न्या. त्याबद्दल पुढच्या उत्तरात. बाहेरच्या कप्प्यात लांब नाकाची चिमटी, कात्री, नख कापायचे नेलकटर (तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, कापायला याच्याइतके स्वस्त आणि नेमके काही नाही) आणि जुना पंचा. काठी आणि आमिष सोडून हे सगळे दोन किलोच्या आत बसले पाहिजे.

दुसरा डबा फिरतीचा. उजनीच्या फुगवट्यातला गवताळ काठ, जुन्या खाणींमधली तळी, नदीचे डोह, अशा जागी ल्यूर, म्हणजे नकली आमिष, टाकत चालायचे, मरळ किंवा शिवड्यासाठी. इथे डबा पाठीवर असतो म्हणून बारा ल्यूरची मर्यादा स्वतःवर घाला: गवतावरून ओढायचे बेडूक तीन, ७ ते १४ ग्रॅमचे चमचे आणि स्पिनर मिळून चार, पाण्याखाली बुडणारे दोन, वर तरंगणारे एक आणि नवीन आजमावण्यासाठी दोन. बारापेक्षा जास्त नेले की माणूस टाकण्यापेक्षा बदलण्यात वेळ घालवतो. सोबत १० स्नॅप (ल्यूर पटकन बदलायच्या चापाच्या कड्या), दहा मीटर लीडर (मुख्य दोरीच्या टोकाला जोडायचा तंगूस), पक्कड. बस.

तिसरा खाऱ्या पाण्याचा: हरिहरेश्वरचे खडक, दिवेआगरची पुळण, रेवदंड्याची खाडी. हा थोडा मोठा, ३६ × २३ × ५ सेंमीचा घ्या. १/० ते ४/० नंबरचे गळ बांधलेल्या जुळण्या आठ-दहा, ०.६० ते ०.७० मिमीचे लीडर, जड स्विव्हल, ६० ते १०० ग्रॅमची वजने. शिशाची वजने डब्यात ठेवू नका. दहा वजनांचे पाऊण-एक किलो सहज होते आणि ती खणांचे पातळ पडदे मोडून टाकतात. ती जाड कापडाच्या पिशवीत, सॅकच्या तळाशी. जिताड्याच्या कल्ल्याचे झाकण पात्यासारखे धारदार असते, तेव्हा माशाचा जबडा धरायची ग्रिप या डब्यासोबतच हवी. डोक्यावरची बॅटरी आणि तिचे जादा सेल वरच्या कप्प्यात, कारण ते लागतात तेव्हा अंधार झालेला असतो.

या तिसऱ्या डब्यातली एकही वस्तू पहिल्या दोन डब्यांत जाता कामा नये. तुमचा सात किलोचा बॉक्स पानशेतहून हरिहरेश्वरला आणि तिथून परत पानशेतला फिरतो, तेव्हा तो मीठही सोबत फिरवत असतो.

प्रत्येक झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवा: काय आणि किती. घरी परतल्यावर चिठ्ठीशी ताडून जेवढे कमी तेवढे साठ्यातून भरायचे. हे निघायच्या आदल्या रात्री करायचे काम नाही, परतल्याच्या दुसऱ्या दिवशी करायचे आहे. रात्री अकरा वाजता भरलेल्या डब्यात हमखास स्टॉपर राहतात.

प्रश्न: बांधलेले गळ डब्यात ठेवले की त्यांचा गुंता होतो. शेवटी कापून फेकून द्यावे लागतात. दोन गळांची जुळणी तर पाण्यातसुद्धा गुंतते. (हडपसर)

उत्तर: तुम्ही दोन वेगळे गुंते एकत्र सांगितले आहेत. डब्यातला आधी.

हार्डवेअरच्या किंवा पॅकिंगच्या दुकानात ६ मिमी जाडीचा फोम शीट मिळतो. जुनी योगा मॅटही चालते. त्याच्या २० × ७ सेंमीच्या पट्ट्या कापा. दोन्ही लांब कडांना दर दीड सेंमीवर ब्लेडने अर्ध्या सेंमीची खाच द्या. गळाचे टोक एका खाचेजवळ फोममध्ये टोचायचे, तंगूस पट्टीभोवती सैलसर गुंडाळायचा आणि वरच्या फाशातून टाचणी खुपसून तो पक्का करायचा. एका पट्टीवर दहा-बारा बसतात. पट्टीच्या कोपऱ्यात कायमच्या शाईच्या पेनाने लिहा: ८ / ०.२२ / ३०. म्हणजे आठ नंबरचा गळ, ०.२२ मिमी तंगूस, ३० सेंमी लांबी. एका पट्टीवर एकच माप, नाहीतर लिहिण्याचा उपयोग नाही. पट्टी करकचून गुंडाळू नका, कारण नायलॉनला वळण लक्षात राहते. तरी वळण राहिलेच तर ओल्या फडक्यातून दोनदा हलकेच ओढा.

किती बांधायचे? अर्ध्या दिवसाला तीन मापांचे प्रत्येकी सहा. फ्लोटसाठी २५ ते ३० सेंमी, साध्या फीडरसाठी ३० ते ५०, आमिष दाबून बसवायच्या मेथड फीडरला जेमतेम १० सेंमी. गाठ आवळताना ती थुंकीने किंवा पाण्याने ओली करायला विसरू नका. कोरडी गाठ घासून तापते आणि नायलॉन तिथेच कमजोर होतो. मग मोठा मासा लागला की गळाजवळच तुटते आणि दोष तंगुसाला दिला जातो. मागच्या हंगामात बांधलेले गळ या हंगामात वापरायचे असतील तर प्रत्येक ओढून पाहा. एक तुटला तर त्या पट्टीवरचे सगळे कापा.

आता पाण्यातला गुंता. एका दोरीवर दोन फांद्या असतील तर दोन्ही फांद्यांच्या लांबीची बेरीज त्यांच्यातल्या अंतरापेक्षा कमी हवी. एवढाच हिशेब आहे. फांद्यांमध्ये ४० सेंमी अंतर असेल तर फांद्या १५-१५ सेंमीच्या ठेवा, बेरीज ३०, गळ एकमेकांपर्यंत पोहोचूच शकत नाहीत. बहुतेकजण ३० सेंमीच्या फांद्या बांधतात, आणि मग त्या हवेतच एकमेकींना मिठी मारतात. फांदीचा तंगूस मुख्य दोरीपेक्षा थोडा कडक असेल तर ती बाहेरच्या बाजूला उभी राहते, हा जादा फायदा.

प्रश्न: गेल्या उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत राहिलेल्या डब्यात रबराची सगळी आमिषे वितळून एकमेकांना चिकटली. डब्याचा तळही मऊ पडला. उन्हामुळे झाले असेल तर डबा वितळायला नको होता ना? (पिंपरी)

उत्तर: ऊन निमित्त झाले, कारण रसायन आहे. मऊ आमिषे बहुधा पीव्हीसीची असतात आणि ती मऊ राहावीत म्हणून त्यांत तेलासारखा पदार्थ घातलेला असतो. तो पदार्थ बाहेर पाझरतो आणि काही प्रकारच्या कडक प्लास्टिकला, तसेच कडक ल्यूरच्या रंगाला विरघळवतो. बंद गाडीच्या उष्णतेत हे भराभर होते. थंड कपाटातही होते, फक्त महिने लागतात. त्यात तुमच्या पाकिटांपैकी एखादे टीपीई जातीच्या जास्त ताणणाऱ्या आमिषाचे असेल तर ते पीव्हीसीला टेकताच दोन्हींचा चिखल होतो.

म्हणून मऊ आमिषे त्यांच्या मूळ पाकिटातच ठेवायची. ते पाकीट वेगळ्या प्लास्टिकचे असते, उगाच नव्हे. पाकिटे उभी लावायला झिपची एक पिशवी घ्या. गडद रंग आणि फिके रंग एकत्र ठेवले तर गडद रंग उतरतो, आणि एका महिन्यात सगळी आमिषे तपकिरी दिसतात.

डासांसाठी लावायच्या डीटयुक्त मलमाचेही असेच. ते लावलेल्या बोटांनी आमिष, डब्याचे झाकण किंवा गॉगल हाताळू नका. मलम हाताच्या मागच्या बाजूने लावायची सवय करा.

प्रश्न: दिवेआगरला दोन दिवस काढून आलो. महिन्याने डबा उघडला तर वापरलेच काय, न वापरलेले नवे कोरे ट्रेबलही (तीन टोकांचे गळ) गंजलेले. रील आल्याआल्या नळाखाली भरपूर धुतली होती, तीही आता करकरते. (वारजे)

उत्तर: नव्या ट्रेबलना जुन्यांनी गंजवले. कसे, ते समजले तर पुढे चूक होणार नाही. मीठ हवेतले पाणी ओढते. हवेची आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मिठाचा कण स्वतःच विरघळून थेंब होतो. पावसाळ्यात पुण्यातली सकाळची आर्द्रता याच्या वरच असते. म्हणजे तुमचा वरवर सुकलेला ल्यूर रोज सकाळी डब्यात पुन्हा ओला होत होता, आणि बंद झाकणाखाली ती ओल सगळ्या खणांत फिरत होती. एक खारा ल्यूर अख्ख्या डब्याला पुरतो.

म्हणून पहिला नियम काठावरचा आहे, घरातला नाही: पाण्यात गेलेला ल्यूर डब्यात परत जात नाही. त्याच्यासाठी जाळीची वेगळी पिशवी, सॅकच्या बाहेर अडकवलेली. भाजी आणायची जाळीदार पिशवी दुहेरी करून वापरली तरी चालते, फक्त ट्रेबलवर टोप्या घाला.

घरी आल्यावर त्याच रात्री, आंघोळीच्या आधी, जाळीतले सगळे कोमट गोड्या पाण्याच्या बादलीत दहा मिनिटे बुडवा, पाणी बदला, पुन्हा हलवा. मग दोरीवर टांगून पंख्याखाली पूर्ण चोवीस तास. उन्हात नको, रंग उडतो. दुसऱ्या रात्री डब्यात. प्रत्येक डब्यात १० ग्रॅमची सिलिका जेलची पुडी ठेवा. नारिंगी रंगाची घ्या, ती ओल शोषून हिरवट झाली की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोनेक तास ठेवल्यावर पुन्हा कामाला येते. निळी पुडी कोबाल्टच्या रंगाची असते, ती स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये घालू नये. तांदळाची पुरचुंडी ठेवण्याचा उपाय पुष्कळजण सांगतात. त्याने फारतर किड्यांची सोय होते.

आता रील. भरपूर धुणे हीच चूक. जोरदार नळाने किंवा पाण्यात बुडवल्याने मीठ धुतले जात नाही, ते गियरपर्यंत आत ढकलले जाते. आधी ड्रॅगची, म्हणजे मासा ओढतो तेव्हा दोरी किती जोराने सुटावी हे ठरवणाऱ्या ब्रेकची, चावी पूर्ण घट्ट करा, म्हणजे वॉशरमध्ये पाणी शिरणार नाही. मग झाडांवर पाणी मारायच्या बाटलीने हलका फवारा, ओल्या फडक्याने पुसणे, कोरड्याने पुसणे. सुकल्यावर ड्रॅग सैल करा, कारण आवळून ठेवलेले वॉशर दबून राहतात आणि पुढच्या वेळी दोरी झटक्याझटक्याने सुटते. दोरी जिथून वळते त्या रोलरवर आणि हँडलच्या मुठीत रीलच्या तेलाचा एकेक थेंब. गंज काढायचा स्प्रे आत मारू नका. तो ग्रीस पातळ करून वाहून नेतो. तुमची रील करकरते आहे ती बहुधा या रोलरमध्येच. तिथे तेल घालूनही आवाज राहिला तर ती उघडून ग्रीस बदलावे लागेल, आणि ते ज्याने आधी उघडलेली आहे त्याच्याकडूनच करून घ्या. आत उड्या मारणाऱ्या स्प्रिंगा असतात.

दोरीचे वरचे वीस-तीस मीटरच खारे होतात. तेवढी सोडून, पुसून परत गुंडाळा. गंजलेले ट्रेबल घासत बसू नका. स्प्लिट रिंगच्या (ट्रेबल ल्यूरला अडकवणाऱ्या कडीच्या) पकडीने काढून नवे लावा, आणि रिंगवर तांबूस डाग असेल तर तीही बदला, कारण मासा रिंगवरूनही जातो.

प्रश्न: गळाचे नंबर कधी वाढताना मोठे होतात, कधी लहान. घरात किती मापे असावीत? (बारामती)

उत्तर: १२, १०, ८, ६, ४, २, १ असे उतरत गेले की गळ मोठा होत जातो. १ नंतर रेघेखाली शून्य लागते: १/०, २/०, ३/०. तिथून आकडा चढला की गळ मोठा. स्विव्हलचे साधे आकडेही याच उलट्या क्रमाने चालतात. कंपन्यांची मापे एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून नवे पाकीट घेताना तळहातावर जुना गळ ठेवून तोंडाची रुंदी ताडा.

सहा मापे पुरतात: चिलापीसाठी १०, रोहू-मृगळ-सायप्रिनससाठी ६, कटल्याच्या मोठ्या तोंडासाठी २, आणि कोकणासाठी १/०, ३/०, ४/०. मधली मापे घेतली की खण वाढतात, मासे वाढत नाहीत. सुटे गळ औषधांच्या आठवड्याच्या डबीत छान राहतात, सात खण, सहा मापे, सातव्यात स्विव्हल. पाकिटावरचा नंबर कापून त्या त्या खणात टाका. डबीत लोहचुंबक चिकटवू नका. गळ जागेवर राहतात खरे, पण काही दिवसांत तेच चुंबक होतात आणि एक उचलला की सहा येतात.

प्रश्न: मोटारसायकलवरून जातो. सात फुटी रॉड दोन तुकड्यांची आहे. कापडी पिशवीत बांधून नेली तर मागच्या वेळी वरची कडी चेपली. (सिंहगड रस्ता)

उत्तर: पीव्हीसी पाइपची नळी करा. सात फुटी रॉडचा एक तुकडा १०७ ते ११० सेंमीचा असतो, म्हणून नळी १२० सेंमी. एकाच रॉडला ६३ मिमीचा पाइप पुरतो, दोन रॉड न्यायच्या तर ७५ किंवा ९० मिमीचा. रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास पाइप कापूनही मिळतो आणि टोप्याही मिळतात. खालची टोपी सोल्युशनने कायमची चिकटवा, वरची आट्यांची घ्या. दोन्ही टोकांना आतून ३ सेंमीचा स्पंज. खालच्या टोपीला ३ मिमीचे एक भोक पाडा: ओली रॉड बंद नळीत उन्हात राहिली तर कड्यांवरच्या लेपाला फोड येतात. भोक असले तरी घरी आल्यावर रॉड बाहेर काढायचीच.

दोन तुकडे एकाच कापडी गवसणीत, मधे शिवण असलेल्या, म्हणजे कड्या एकमेकींवर आपटत नाहीत. रील काढून सॅकमध्ये. नळी पाठीवर तिरकी बांधू नका. ताम्हिणीत झाडांच्या फांद्या खाली आलेल्या असतात. गाडीच्या डाव्या बाजूला, साडीगार्डला दोन ठिकाणी पट्ट्याने बांधा. उजवीकडे सायलेन्सर असतो. मागचा इंडिकेटर आणि नंबर प्लेट झाकली जात नाही ना, ते पाहा.

नवी रॉड घ्यायचीच असेल तर चार तुकड्यांची घ्या. सात फुटी रॉड ५६-५८ सेंमीत मावते, सॅकमध्येच जाते, आणि मग हा सगळा खटाटोपच नको. जोड वाढल्याने ती कमजोर होते ही समजूत आता जुनी झाली; मात्र दर तासाला जोड सैल झालेत का ते वळवून पाहावे लागते.

कडी चेपली म्हणालात, तर आतली चिनी मातीची चकतीही तडकली असेल. कापसाचा बोळा आतून फिरवा. कापूस अडकला तर तिथे दोरी चिरणार. कडी बदला.

प्रश्न: नऊ वर्षांच्या मुलीला सोबत न्यायचे आहे. तिच्यासाठी वेगळे सामान काय? आणि गळ रुतला तर? (तळेगाव दाभाडे)

उत्तर: दीड ते पावणेदोन मीटरची काठी, १० किंवा १२ नंबरचे दहा गळ, दोन फ्लोट, मणी. हे तिच्या स्वतःच्या छोट्या डबीत, तिच्या नावाचे. तिच्या सगळ्या गळांची उलटी अणी पकडीने दाबून सपाट करा. चिलापी तरी निसटत नाही, आणि रुतलेला गळ सरळ मागे निघतो. शिशाचे मणी दाताने दाबायचे नाहीत हे तिला आधी सांगा, म्हणजे तुम्हालाही तिच्यासमोर पाळावे लागेल. शिसे विषारी आहे. डबा खाण्याआधी हात साबणाने धुवायचे. धरणाच्या काठावर लाइफ जॅकेट अंगात असले पाहिजे, पिशवीत नव्हे.

प्रथमोपचाराची पिशवी तिन्ही डब्यांसोबत एकच, लाल रंगाची: जंतुनाशक, गॉझ, चिकटपट्टी, आणि गळाची तार कापू शकेल अशी साइड कटर. ही कटर विकत घेतल्यावर घरी जुन्या ४/० गळावर आजमावून पाहा. स्वस्तातली तिथेच दात सोडते.

गळ डोळ्यात, चेहऱ्यावर, मानेत किंवा सांध्याजवळ रुतला असेल तर हात लावू नका. दोरी कापा, गळ हलणार नाही असा गॉझने झाका आणि दवाखाना गाठा. बोटाच्या किंवा दंडाच्या मांसल भागात साधा गळ वरवर रुतला असेल तर दोरीची रीत आहे: गळाच्या बाकात जाड तंगुसाचा ३०-४० सेंमीचा फास अडकवा, गळाच्या कडीचे टोक कातडीशी दाबून धरा आणि फास कातडीला समांतर, गळ शिरला त्याच्या उलट दिशेने, एका झटक्यात ओढा. हळूहळू ओढले तर अणी आणखी रुतते. ल्यूर असेल तर आधी ल्यूर कापून वेगळा करा आणि ट्रेबलची मोकळी टोके टेपने गुंडाळा, नाहीतर दुसरा रुतेल. जखम खोल किंवा मळकी असेल आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन पाच वर्षे झाली असतील तर डॉक्टरांना ते सांगा.

कोकणात शिंगाळ्याचा काटा किंवा पाकटाची नांगी लागली तर सोसेल इतक्या, पण ४५ अंशांपेक्षा गरम नसलेल्या पाण्यात अर्धा ते दीड तास तो भाग बुडवून ठेवल्याने कळ उतरते. पाणी आधी दुसऱ्याने न दुखणाऱ्या हाताने तपासावे. वेदनेत चटका कळत नाही. म्हणून तिसऱ्या डब्यासोबत थर्मास, चहाचा वेगळा. पाकटाची जखम खोल असते, तेव्हा कळ थांबली तरी डॉक्टरांना दाखवायचीच.

प्रश्न: महाशीरसाठी चौथा डबा करावा का? (चिंचवड)

उत्तर: नको. दख्खनचा महाशीर पुण्याचाच. साइक्स यांनी १८३९ मध्ये या माशाचे शास्त्रीय वर्णन केले ते मुळा-मुठेतल्या माशावरून. आज तो शहरातल्या नदीत पाहायला मिळणे कठीण. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पिल्ले वाढवून पाण्यात सोडली जातात. देहूला इंद्रायणीत आणि महाडजवळच्या वाळण कोंडीत लोक त्याला देवाचा मासा मानतात. तिथे गळ काढायचासुद्धा नाही.

इतरत्र फिरतीच्या डब्यावर लागला तर तो परत सोडायचा, आणि त्यासाठी लागणारे बदल आहे त्याच डब्यात करता येतात: ट्रेबलऐवजी एकेरी गळ, अणी दाबलेली, रबरी जाळीचे झेल-जाळे, मासा धरण्याआधी हात ओले. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. फोटो पाण्यावरच काढा, खडकावर ठेवून नव्हे.

बाकी माशांसाठीही एक कागद तिन्ही डब्यांत हवा. धरणांतली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. जागेवर पोहोचल्यावर आधी त्यांना विचारायचे, पावती घ्यायची आणि ती झाकणाच्या आत लावायची. खडकवासल्याच्या काठावर एनडीएची हद्द कुठे सुरू होते तेही विचारून घ्या.

प्रश्न: फ्लॅटमध्ये आमिषाचा वास येतो म्हणून घरच्यांनी सगळे सामान बाल्कनीत काढले आहे. आता पावसाळ्यात काय करू? (धनकवडी)

उत्तर: घरच्यांचे बरोबर आहे. सामान आत घ्या, आमिष बाहेर ठेवा. आमिषाची पिशवी टॅकलच्या डब्यात कधीच नसावी, ती वेगळी बादली असावी. शेंगदाण्याची पेंड, कोंडा, बेसन कोरडेच न्या आणि काठावर भिजवा, पाणी तीन वेळा थोडे थोडे घालून, मधे पंधरा मिनिटे मुरू देऊन. घरून भिजवून नेलेले आमिष दुपारपर्यंत आंबते आणि घट्ट झाकणाचा डबा गाडीत उघडतो. त्यानंतरचा वास महिनाभर जात नाही. काडू (गांडुळे) भोके पाडलेल्या डबीत ओलसर काथ्यात ठेवा. उरलेले आमिष घरी आणू नका.

बाल्कनीतली ओल आणि ऊन दोन्ही वाईट. नायलॉनचा तंगूस उन्हाने ठिसूळ होतो. डबे कपाटात, रॉड गवसणीतून काढून आडव्या किंवा सरळ टांगून. भिंतीला महिनोन्‌महिने तिरकी टेकवलेली रॉड बाक धरते. पहिल्या पावसाचे चढणीचे मासे अंड्यावर असतात, त्यांच्यामागे जायचे नाही. यांत्रिक नौकांची समुद्रातली मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते आणि त्या दिवसांत कोकणच्या खडकांवर उभे राहणेही शहाणपणाचे नाही. तेव्हा जूनमध्येच तंगूस काढून टाका, स्पूल (रीलची दोरी गुंडाळायची फिरकी) रिकामा पुसा आणि ऑक्टोबरमध्ये नवा भरा. वेणीची दोरी असेल तर उलटी करून गुंडाळली की आतला न वापरलेला भाग वर येतो. स्पूलवर टेप लावून जाडी आणि भरल्याचा महिना लिहा. काढलेला तंगूस कात्रीने बोटाएवढे तुकडे करून कचऱ्यात टाका, अख्खा टाकला तर कुणा पक्ष्याच्या पायात अडकतो.